पोट भरल्याचा निरोप मेंदूला कोण देतं? भूक, तृप्ती आणि 'तोंडावरचा ताबा'

औदुंबर

अंगाने जाड माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे ओळखही लागत नाही. "तोंडावर जरा ताबा ठेवा, आपोआप उतरेल" हे लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतं, शाळकरी मुलांच्या तोंडीही येतं. मी बरीच वर्षं नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. भुकेचा पाठ झाला की एखादी तरी मुलगी तास संपल्यावर मागे थांबायची आणि हळूच विचारायची, "मॅडम, मग मलाच एवढी भूक का लागते?" या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं असं मला तेव्हाही वाटायचं. भूक किती लागावी, कधी शमावी याचा बराच कारभार आपल्या इच्छेला न विचारता चालतो. तो कसा, ते लिहिते. मग बोलू.

भूक पोटात लागते असं वाटतं, म्हणून आधी जठर. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी एक प्रयोग केला. वॉशबर्नने रबरी फुगा गिळला आणि फुग्याची नळी तोंडातून बाहेर काढून यंत्राला जोडली. पोटात भुकेची कळ आली की त्याने बटण दाबायचं. कळ आणि जठराचं आकुंचन यांची वेळ जुळली. त्यावरून भूक म्हणजे जठराची हालचाल, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. पण ज्यांचं जठर शस्त्रक्रियेत पूर्ण काढावं लागतं, त्यांनाही भूक लागतेच.

मग लक्ष मेंदूकडे गेलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवलं की तिथे ठरावीक जागी इजा केली तर उंदीर बेसुमार लठ्ठ होतात. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांना नेमकं उलटं सापडलं. हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी इजा झाली की उंदीर खाणंच सोडतो, समोर अन्न असताना उपाशी मरतो. आनंद पुढे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. रक्तातल्या साखरेप्रमाणे या भागातल्या पेशींचं काम कमीजास्त होतं, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये नोंदवलं. इतकं मूलभूत काम केलेल्या या भारतीय शास्त्रज्ञाचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'भूक केंद्र' आणि 'तृप्ती केंद्र' ही तेव्हाची विभागणी आज फार ढोबळ ठरली आहे. आता आपल्याला हायपोथॅलॅमसमधले चेतापेशींचे दोन गट माहीत आहेत. एक गट जागा झाला की खायला शोधावंसं वाटतं, दुसरा जागा झाला की खाणं थांबतं. दोघांना शरीरातून सतत बातम्या येत असतात.

जेवताना काय होतं ते पाहा. रिकाम्या जठराची पोकळी शंभर मिलिलिटरहूनही कमी असते. घास उतरू लागले की जठर सैलावतं आणि लिटरभर, कधी त्याहूनही जास्त अन्न सामावून घेतं. त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की व्हेगस ही लांबलचक चेता तो ताण मेंदूच्या मागच्या बाजूला, मस्तिष्कस्तंभात कळवते. अन्न पुढे लहान आतड्यात सरकलं की तिथल्या पेशी त्यातलं तूप-तेल आणि प्रथिनं ओळखून सीसीके नावाचं हार्मोन सोडतात. ते जठराला सावकाश रिकामं व्हायला लावतं आणि व्हेगसमार्फत "आता पुरे" असं कळवतं. १९७३ मध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी सीसीके टोचलेले उंदीर कमी खातात हे दाखवलं. आतड्याच्या शेवटच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आणखी दोन हार्मोन्स येतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. भराभर जेवणाऱ्याचं ताट रिकामं होतं तेव्हा अर्ध्या बातम्या वाटेतच असतात.

भूक लावणारं हार्मोन मात्र आतापर्यंत एकच नीट सापडलं आहे. ते घ्रेलिन, १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलेलं. तेही बनतं मुख्यतः जठरातच.

हे सगळं एका जेवणापुरतं झालं. महिनोन्‌महिन्यांचा हिशोब वेगळीकडे ठेवला जातो, त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन.

तांबडी_माती

ताई, फार छान लिहिलंय. एक शंका. पंगतीत वरण-भात, भाजी, मसालेभात सगळं होतं. "आता एक घास नको" असं मनापासून म्हणतो. तेवढ्यात वाढपी जिलेबीचं ताट घेऊन येतो आणि दोन जिलेब्या सहज जातात. पोट तर खरंच भरलेलं असतं. मग जागा होते कुठून?

औदुंबर

तांबडी_माती, याला एक बरं उत्तर आहे. १९८१ च्या सुमारास बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तृप्ती चवीगणिक वेगळी असते. एक पदार्थ खात राहिलं की त्याच पदार्थाची गोडी उतरत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थाची तशीच राहते. तुम्ही भाताला कंटाळलेले असता, गोडाला नाही. रोज वेगवेगळं मिळवून खाणाऱ्या प्राण्याला याचा फायदाच होता, सगळी पोषकं मिळायची. आपल्या पंगतीत डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये भात, वर तळण आणि शेवटी गोड असतं. तिथे ही व्यवस्था दर दहा मिनिटांनी नव्याने जागी होते. बुफेत तर विचारायलाच नको.

शिवाय जठर सैलावतं हे वर लिहिलंच आहे. आणि आग्रह करणारं माणूस शेजारी उभं असतं. चारचौघांत माणूस एकट्यापेक्षा जास्त जेवतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे.

रोखठोक_नागपूर

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला मूळ मुद्दा पटला नाही. आमच्या घरी सगळे सडपातळ. आजोबा शेतात राबायचे, वडील पोस्टात सायकलवर फिरले, मी रोज सकाळी चालतो आणि ताटात घेतलं तेवढंच खातो. खाल्लं त्यापेक्षा जास्त खर्च केलं की वजन उतरणारच. दुष्काळात किंवा कैद्यांच्या छावणीत कुणी जाड दिसतं का? हार्मोन सगळ्यांनाच आहेत. हार्मोनवर बोट ठेवून माणसाने प्रयत्न सोडावेत, हे मला धोक्याचं वाटतं. वाईट वाटून घेऊ नका, पण हे बोलायला हवं.

औदुंबर

वाईट मुळीच वाटलं नाही. तुमचा हिशोब बरोबर आहे. ऊर्जा कमी आली आणि जास्त खर्च झाली तर वजन उतरतं. प्रश्न असा की कमी खायला लागल्यावर शरीर काय करतं. तुम्ही छावणीचं उदाहरण काढलंत, म्हणून सांगते, त्यावर अभ्यास झालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार होती. भुकेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे कळावं म्हणून १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण तत्त्व म्हणून शस्त्र हाती न घेणारे होते, स्वेच्छेने आले होते, मनाने आणि शरीराने धडधाकट होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरलं. म्हणजे तुमचा हिशोब तंतोतंत खरा ठरला. पण ती मुलं दिवसभर अन्नाशिवाय दुसरा विचार करू शकत नव्हती. कधी स्वयंपाकघरात न गेलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, कशातच मन लागायचं नाही. आणि पुन्हा पोटभर खायची मोकळीक मिळाल्यावर पोट तुडुंब भरलं तरी काहींची भूक जाईना. या मुलांचा निर्धार कमी होता असं कोण म्हणेल? उपासमारीत ते टिकून राहिले होते.

हे का होतं, ते उंदरांनी सांगितलं. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक उंदीर जन्मला, तो खातच सुटायचा आणि प्रचंड लठ्ठ व्हायचा. एका जनुकातला दोष होता. पुढे तिथेच दुसऱ्या जनुकात दोष असलेला, दिसायला तसाच लठ्ठ उंदीर मिळाला. डग्लस कोलमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून एक विलक्षण प्रयोगमालिका केली. दोन उंदरांची कातडी शेजारी शेजारी शिवून त्यांचं रक्त थोडंथोडं एकमेकांत फिरू द्यायचं. पहिल्या प्रकारचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. दुसऱ्या प्रकारचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर निरोगी उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. लठ्ठ उंदीर मात्र तसाच राहिला. कोलमन यांनी ताडलं की रक्तात "पुरे" सांगणारा एक पदार्थ असला पाहिजे. पहिल्या उंदराला तो बनवता येत नाही. दुसरा तो भरपूर बनवतो, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. तेव्हा अनेकांनी त्यांना मानलं नाही.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक सापडलं. पदार्थाचं नाव ठेवलं लेप्टिन. ते बनतं चक्क शरीरातल्या चरबीत. कणगीत धान्य किती उरलंय याची वर्दी घरच्या माणसाला रोज मिळावी, तसं लेप्टिन मेंदूला चरबीचा साठा कळवत राहतं. साठा घटला की लेप्टिन उतरतं, मेंदू भूक वाढवतो आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही आखडतो.

माणसात हे लागू पडतं का, याचं उत्तर १९९७ मध्ये केंब्रिजला मिळालं. सदफ फारूकी, स्टीफन ओराहिली आणि सहकाऱ्यांकडे मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं आली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ बनतच नव्हतं. पोट भरलं असं त्यांना कधी वाटायचंच नाही. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि काही दिवसांतच तिची भूक इतर मुलांसारखी झाली. वर्षभरात सोळा किलोहून जास्त वजन उतरलं. मूल तेच, घर तेच, आईवडील तेच. रोखठोकजी, इंजेक्शनच्या आदल्या दिवसापर्यंत त्या मुलीला ताबा नव्हता आणि दुसऱ्या दिवशी तो आला, असं आपण म्हणणार का?

असा दोष फारच थोड्यांत असतो. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असतं, पण मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून लेप्टिनची इंजेक्शनं सर्वांसाठी औषध ठरली नाहीत. पण साठा घटल्यावर वाजणारी घंटा आपल्या सगळ्यांत शाबूत आहे. साठा वाढल्यावरची घंटा मात्र क्षीण आहे. माणसाचा इतिहास दुष्काळांनी भरलेला आहे, त्याचं हे देणं असावं असं मला वाटतं.

केवडा

हे वाचून मला रडू आलं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. घरात तिच्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष. दिवाळीला नातेवाईक आले की पहिलं वाक्य तिच्या वजनावर. आता ती सगळ्यांसमोर अर्धी पोळी खाते आणि रात्री स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडते. मी रागावले की खोली बंद करून घेते. तिला डाएटवर घालावं का? कुणी चांगलं सांगेल का?

शमीवृक्ष

केवडाताई, मी डॉक्टर आहे, मधुमेहाचे रुग्ण पाहतो. मुलीला न तपासता उपचार सांगता येणार नाही, पण दोन गोष्टी नक्की सांगतो.

चारचौघांत अर्धी पोळी आणि रात्री डबे, हे चोरून खाणं नाही. दिवसभर उपाशी ठेवलेल्या मेंदूने केलेली ती वसुली आहे. वाढीच्या वयात कडक डाएट देऊ नका. सकाळी आणि दुपारी तिला सगळ्यांबरोबर पोटभर, नीट प्रथिनं असलेलं जेवण मिळू द्या, आणि वजनाचा विषय घरात बंद करा, नातेवाइकांनाही स्पष्ट सांगा. रात्रीचं खाणं आवरेनासं वाटत असेल, ती खाऊन उलटी काढत असेल किंवा सतत उदास असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांना दाखवा. पाच वर्षांच्या आतच प्रचंड वजन आणि न संपणारी भूक असेल तर जनुकीय तपासणी करतात. तेराव्या वर्षी सुरू झालेल्या प्रकारात बहुधा तिची गरज पडत नाही. पाळी अनियमित असेल तर ते मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

रोखठोक, सडपातळपणाबद्दल एक भर घालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असं नाही. बाहेरून पाहून कोण किती संयमी आहे हे ठरवू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

रोखठोक_नागपूर

मिनेसोटाचं मला माहीत नव्हतं. लेप्टिनच्या त्या मुलीचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे. चालणं-फिरणं सोडू नये हे माझं मत कायम आहे, पण केवडाताईंच्या मुलीला कुणी बोललं तर मी त्यांच्या बाजूने बोलेन.

दोनवेळचा

मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. सुरुवातीला सकाळी नाश्त्याच्या वेळी जीव कासावीस व्हायचा. हळूहळू ती भूकच लागेनाशी झाली. आमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एकांना दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊन बरं वाटतं. दोघंही आपापल्या जागी ठाम. शरीराचं म्हणणं नेमकं काय आहे?

औदुंबर

तुमची सकाळची भूक गेली याचं कारण घ्रेलिनमध्ये सापडतं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. गंमत अशी की त्या वेळी जेवलं नाही तरी ते थोड्या वेळाने आपोआप उतरतं. एकादशीचा निर्जळी उपवास करणाऱ्या बायका नेहमी सांगतात की बाराच्या सुमाराला फार भूक लागते, दोन वाजले की काही वाटत नाही. त्यांचा अनुभव अगदी बरोबर आहे. जेवणाच्या वेळा बदलल्या की काही आठवड्यांत घ्रेलिनही नवी वेळ पाळू लागतं.

दोनदा की आठदा, यात माझा कल रोज त्याच वेळी जेवण्याकडे आहे. ते कितीदा, हे ज्याला जे निभावतं त्याने ठरवावं. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं गाळू नयेत, साखर एकदम खाली येऊ शकते.

रात्रपाळी

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. पहाटे तीन वाजता फरसाण, बिस्किटं, जे दिसेल ते खावंसं वाटतं. दिवसा झोप तुकड्यातुकड्यांत. याचा संबंध आहे का?

शमीवृक्ष

आहे. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या रात्रींशी तुलना करता लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढ लागली. अभ्यास छोटा होता, पण झोप तुटली की माणूस जास्त खातो हे नंतरही वारंवार दिसलं आहे. पाळीवर जाण्याआधी नीट जेवून जा, रात्री डब्यात उसळ किंवा उकडलेली अंडी ठेवा, आणि दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत एकसलग मिळेल असं घरच्यांना सांगा.

चुलीवरचं

आहारतज्ज्ञ म्हणून कोणत्या अन्नाने पोट भरतं त्याबद्दल लिहिते. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांची तुलना केली. सगळ्यांतून सारख्याच कॅलरी दिल्या आणि पुढचे दोन तास भूक मोजली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि क्रोसाँ या लोण्याच्या फ्रेंच पावाला ४७. बटाटा बिचारा उगाच बदनाम आहे! तो तळून वेफर्स केले की गोष्ट बदलते. पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त असलेलं, चावायला लागणारं अन्न जास्त काळ पुरतं. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा हे जेवण या कसोटीवर फार वर बसेल असं माझं ठाम मत आहे. उपवासाच्या साबुदाण्यात मात्र स्टार्चशिवाय फारसं काही नसतं, शेंगदाण्याचं कूट भरपूर घातलं तरच तो थोडा टिकतो.

पेयांबद्दल खास सांगायचं आहे. २००० सालच्या एका अभ्यासात त्याच माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी खाऊच्या गोड जेली-गोळ्यांच्या रूपात आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड सोड्याच्या रूपात दिल्या. गोळ्या खाताना त्यांनी नकळत बाकीचं खाणं तेवढं कमी केलं. सोडा पिताना केलं नाही. उसाचा रस, कोल्ड्रिंक, पाकिटातलं फळांचं पेय यांतून आलेली साखर शरीराच्या हिशोबात नीट धरलीच जात नाही. मात्र जेवणाआधी घट्ट भाज्यांचं सूप किंवा मुगाचं कढण घेतलं तर जेवण थोडं कमी जातं. पाणी अन्नात शिजलेलं असलं की जठरात जास्त वेळ थांबतं.

२०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मेद, चोथा, प्रथिनं जुळवलेली, हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. ते भराभर खाल्लं जातं, हे त्यांना एक कारण दिसलं.

आणि मोबाईल बघत जेवू नका. १९९८ मध्ये पॉल रोझिन यांनी स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा जेवण दिलं. दोघंही दुसऱ्यांदा जेवले, बहुतेक वेळा तिसऱ्यांदाही सुरुवात केली. 'मी जेवलो' ही आठवणसुद्धा तृप्तीचा भाग आहे.

तांबडी_माती

आमच्या मोठ्या भावाने डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन उतरवायचं ते आठवड्याचं जीएलपी-१ इंजेक्शन सुरू केलंय. म्हणतो, डोक्यातली खाण्याची भुणभुणच थांबली. हे जीएलपी-१ म्हणजे वर ताईंनी लिहिलेलंच ना?

शमीवृक्ष

तेच. आतड्यातून सुटलेलं नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-तीन मिनिटंही टिकत नाही, एक विकर (एन्झाइम) ते तोडून टाकतं. १९९२ मध्ये जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्यासारखाच, पण टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनलेलं पहिलं औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आलं. त्याच जातीचं सेमाग्लुटाइड हे औषध तर आठवडाभर टिकतं. वजनासाठी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतातही मिळू लागली. ती जठर सावकाश रिकामं करतात आणि मेंदूवरही काम करतात, म्हणून भुणभुण थांबते.

पण भावाला तीन गोष्टी सांगा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे पुष्कळांना होतं, पोटात सतत तीव्र दुखलं तर लगेच दाखवायचं. वजनाबरोबर स्नायूही जातात, तेव्हा प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडायचा नाही. आणि सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलं. हे औषधाचं अपयश मानू नये. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढतोच. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लोकांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं, वर्षानंतरही त्यांची भुकेची हार्मोन्स भूक वाढवणाऱ्या बाजूलाच झुकलेली होती. केमिस्टकडून परस्पर घेऊन कुणीही हे सुरू करू नये, गरोदरपणात तर मुळीच नाही.

गोदाकाठ

सगळेजण भूक कमी करायचं बोलताहेत. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. चार घास खाल्ले की ताट सरकवतात. "पोट भरलं गं" म्हणतात. साड्या ढिल्या झाल्यात. मी रोज त्यांच्या आवडीचं करते, मऊ भात, तूप, मेतकूट. त्या हट्ट करतात असं घरात सगळे म्हणतात.

औदुंबर

गोदाकाठ, बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्या खरंच सांगताहेत. वय वाढलं की जठराचा वरचा भाग पूर्वीसारखा सैलावत नाही, अन्न लवकर खालच्या भागात येतं आणि थोड्या घासांतच भरल्यासारखं वाटतं. सीसीकेचा परिणाम वाढतो. वास आणि चव मंदावते. त्यांना हट्टी म्हणू नका, घरच्यांनाही हे वाचून दाखवा.

आधी डॉक्टरांकडे न्या. सहा महिने ते वर्षभरात न ठरवता पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल, तर तपासणी व्हायलाच हवी. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन, हृदयाची डिगॉक्सिन यांसारख्या औषधांनी भूक मरते. कवळी टोचते का, बद्धकोष्ठ आहे का, कुणी जवळचं गेल्यापासून उदास आहेत का, हेही डॉक्टरांना सांगा.

घरी ताट लहान करा आणि दिवसातून पाच-सहा वेळा द्या. त्या कमी खातात, तेव्हा प्रत्येक घासात जास्त ताकद हवी. भातात तूप आहेच, त्यात मऊ शिजवलेली मुगाची डाळ, कुस्करलेलं पनीर किंवा चालत असेल तर अंडं घाला. वर चुलीवरचं यांनी सांगितलं की पेयातल्या कॅलरीने पोट भरत नाही, तेच इथे आपल्या कामाला येतं. दोन जेवणांच्या मध्ये दुधातली नाचणीची पेज, खारकेची पूड घातलेलं दूध, बदामाचं दूध द्या. त्याने पुढचं जेवण फारसं कमी होणार नाही. मधुमेह असेल तर साखर-खारीक डॉक्टरांना विचारून. जेवणाच्या ताटाशेजारी मात्र पाण्याचा मोठा तांब्या ठेवू नका, पाणी नंतर. आणि त्यांना एकटीला आधी वाढून मोकळं होऊ नका. चारचौघांत माणूस जास्त जेवतो हे वर जिलेबीच्या वेळी लिहिलं होतं, ते वयस्कर माणसांनाही लागू आहे. नातवंडांबरोबर बसवा.

गोदाकाठ

ताई, डिगॉक्सिन चालू आहे त्यांना. सोमवारी घेऊन जाते.

शमीवृक्ष

सोमवारपर्यंत मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे पिवळट दिसणं किंवा नाडी फार मंद वाटणं यापैकी काहीही झालं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. डिगॉक्सिन रक्तात जास्त झालं की भूक जाणं हे सुरुवातीचं लक्षण असू शकतं. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.